वाचकांचे प्रश्न : बेसचे हलके हेड कॅबिनेटवरून घसरते, त्याचे काय करावे?

गणेशोत्सवापासून नाताळापर्यंतचा काळ हा वादकांच्या धावपळीचा असतो आणि याच काळात या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्याही वाढते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे बेस गिटार वाजवणाऱ्यांची आहेत आणि सहाही पत्रांतली तक्रार मुळात एकच आहे : नवे, हलके अ‍ॅम्प्लिफायर हेड (आवाज मोठा करणारी वेगळी पेटी) कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, एका जागी राहत नाही. विषय किरकोळ वाटला तरी हजारो रुपयांचे उपकरण चार फुटांवरून खाली येण्याचा हा प्रश्न असल्यामुळे यंदाचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : मी वसईला राहतो आणि गेली 18 वर्षे चर्चमध्ये व लग्नसमारंभांत बेस गिटार वाजवतो. माझे जुने हेड 17 किलोंचे होते. पाठीच्या दुखण्यामुळे ते विकून यंदा 500 वॉटचे, जेमतेम 2 किलोंचे हेड घेतले. आवाजाबद्दल काहीही तक्रार नाही. परंतु कार्यक्रम सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत ते सरकत सरकत कॅबिनेटच्या पुढच्या कडेला येते आणि मला वाजवता वाजवता मागे वळून ते आत ढकलावे लागते. जुने हेड याच कॅबिनेटवर कधी जागचे हलले नाही. नव्या हेडचे पाय निकृष्ट आहेत का? ते बदलून घ्यावेत का?

उत्तर : पाय कदाचित साधारण प्रतीचे असतीलही, पण आपण पायांवर पैसे खर्च करण्याआधी वायरींकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. हेड हलके झाले, वायरी मात्र पूर्वीइतक्याच जाड, ताठ आणि जड राहिल्या, हे या सगळ्या त्रासाचे मूळ आहे.

जुन्या हेडचे वजन मुख्यतः लोखंडाचे असे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची; इतक्या कमी वारंवारितेवर मोठी शक्ती द्यायची तर ट्रान्सफॉर्मरही तसाच मोठा लागतो. त्यात भर म्हणून बरीच वीज उष्णतेत घालवणाऱ्या सर्किटांना ती उष्णता बाहेर टाकण्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमचे मोठे हीटसिंक लागत. अ‍ॅम्पेग कंपनीने 1969 साली बाजारात आणलेले एसव्हीटी हे 300 वॉटचे व्हॉल्व्हवाले हेड 35 किलोंच्या पुढे भरत असे आणि ते उचलायला दोन माणसे लागत. आजच्या हेडमध्ये वीज आधी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून मगच छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून जाते आणि पुढचा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर फार थोडी उष्णता वाया घालवतो, त्यामुळे लोखंडही गेले आणि हीटसिंकही आटले. अ‍ॅगिलारचे टोन हॅमर 500 दोन किलोंच्या आत आहे. ट्रेस इलियटचे एल्फ नावाचे 200 वॉटचे हेड तर पाऊण किलोच्याही आत आहे. पाठीसाठी ही फार मोठी सुटका आहे आणि आपण घेतलेला निर्णय योग्यच आहे.

आता घसरण्याकडे वळू. एखादी वस्तू पृष्ठभागावर किती घट्ट बसते, ते तिचे वजन आणि दोन पृष्ठभागांची पकड यांवर ठरते. कडक प्लॅस्टिकचे पाय आणि कॅबिनेटवरचे रेक्झिन यांच्यातली पकड ढोबळमानाने वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी धरली, तर आपले 17 किलोंचे हेड हलवायला 5 किलोंहून अधिक ओढ लागत असे. 2 किलोंच्या हेडला तीच ओढ 600-700 ग्रॅमची पुरते. स्वयंपाकघरातले उदाहरण घ्यायचे तर पाटा वाटताना जागचा हलत नाही आणि मिक्सर मात्र ओट्यावर फिरू लागतो. म्हणूनच मिक्सरला चोखून धरणारे रबरी पाय बसवलेले असतात.

हेडला तीन वायरी जोडलेल्या असतात. पुढच्या बाजूला गिटारची वायर लोंबते, तिचे प्लगसकट वजन 100 ग्रॅमच्या आसपास होते. मागे विजेची वायर लोंबते, ती याहून जड. आणि मागेच स्पीकरची वायर असते, जी दोन-अडीच फुटांची, जाड आणि स्प्रिंगसारखी ताठ असते. ही स्पीकरची वायर हेडच्या मागून निघून वळसा घेत कॅबिनेटच्या मागच्या प्लगात जाते, आणि वळवलेली ताठ वायर सतत सरळ होऊ पाहत असल्यामुळे हेडला पुढे ढकलत राहते. एरवी हा ढकलण्याचा जोर पकडीपेक्षा कमी असतो, म्हणून कार्यक्रमापूर्वी हेड स्थिर दिसते. वाजवायला लागल्यावर मात्र कॅबिनेटचा माथा थरथरतो. 100 हर्ट्झच्या सुराला माथ्याचा प्लाय मधल्या स्थितीपासून वर-खाली केवळ 0.025 मिलिमीटर हलला, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्यापेक्षाही कमी, तरी प्रत्येक हेलकाव्यात एका क्षणापुरते हेडचे वजन पायांवरून जवळजवळ नाहीसे होते. चार तारांच्या बेसच्या सर्वांत जाड तारेचा 41 हर्ट्झचा सूर घेतला तर त्यासाठी 0.15 मिलिमीटर इतकी हालचाल लागते, आणि पातळ प्लायच्या कॅबिनेटला तीही अवघड नाही. त्या क्षणी पकड सुटते आणि वायर हेडला तसूभर पुढे सरकवते. सेकंदाला पन्नास-शंभर वेळा असे घडत राहिले, की तिसऱ्या गाण्यापर्यंत हेड कडेला येते. सुपातले दाणे पाखडताना एका दिशेने सरकत जातात, तशीच ही गत आहे.

नुसत्या थरथरीने जड हेडचीही पकड तितकीच सुटते. वजन वाढले म्हणून त्या क्षणी काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वायरीच्या ढकलण्याला. तेवढाच ढकला 17 किलोंच्या वस्तूला हलवू शकत नाही आणि 2 किलोंच्या वस्तूला सहज हलवतो. म्हणूनच मी पायांआधी वायरींचे नाव घेतले.

आपण घरीच एक साधी परीक्षा करावी. हेडच्या चारही पायांभोवती कागदी टेपचे तुकडे लावून जागा खूण करून ठेवावी, नेहमीच्या आवाजात एक गाणे वाजवावे आणि हेड कोणत्या दिशेने गेले ते पाहावे. पुढे सरकले असेल तर स्पीकरची वायर ढकलते आहे किंवा गिटारची वायर ओढते आहे. मागे गेले असेल तर विजेची वायर दोषी. एका बाजूला गेले असेल तर जमिनीला किंवा कॅबिनेटला उतार आहे. त्यानंतर प्रवासाच्या बॅगा तोलण्यासाठी मिळणारा आकड्याचा डिजिटल काटा घेऊन त्याचा आकडा हेडच्या कडेला दोरीने अडकवावा आणि हेड सरकेपर्यंत हळूहळू आडवे ओढून आकडा वाचावा. उपाय करण्यापूर्वी एकदा आणि केल्यावर पुन्हा एकदा ही मोजणी केली, की कोणत्या उपायाने किती फायदा झाला ते अंदाजावर सोडावे लागत नाही.

उपायांपैकी पहिला असा, की स्पीकरची वायर मऊ आवरणाची आणि आहे त्याहून थोडी लांब घ्यावी. फार आखूड वायर दिसायला नीटनेटकी दिसते, पण तिचा वळसा अधिक ताठ असतो. ही वायर हेडमधून निघाल्यावर सरळ खाली सोडावी आणि कॅबिनेटच्या मागे किंवा बाजूच्या हँडलला वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी, म्हणजे तिचा जोर हँडलवर जाईल. विजेच्या वायरीचेही तसेच करावे. गिटारची वायर हेडपासून वीतभर सैल सोडून तिला हँडलमधून एक वेढा द्यावा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तर झटका हँडलला बसेल, हेडला बसणार नाही. पायातल्या पेडल्समधून वायर येत असेल तर ती आधी जमिनीवर कापडी टेपने चिकटवून मगच वर न्यावी.

दुसरे असे, की हेड ठेवण्याची जागा बदलून पाहावी. आजची हेड 25-28 सेंटिमीटर रुंद आणि कॅबिनेट त्याच्या दुप्पट. त्यामुळे सगळे जण हेड माथ्याच्या बरोबर मध्यावर ठेवतात. प्लाय सर्वांत जास्त हलतो तो नेमका मध्यावर, आणि सर्वांत कमी हलतो तो बाजूच्या भिंतींजवळ. हेड एका बाजूला घेऊन त्याचे दोन पाय भिंतीच्या वर येतील असे ठेवले, तर थरथर लक्षणीय कमी होते. बोटाच्या पेराने माथ्यावर टकटक करून पाहा; मध्यावर ढोलासारखा आवाज येईल आणि कडेला दबका.

एवढे करून मग पायांकडे यावे. कडक प्लॅस्टिकचे पाय काढून मऊ रबराचे, रुंद तळव्याचे पाय बसवता येतात. परंतु पायाचा स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा एक मिलिमीटरही लांब नसावा. या हेडच्या तळाशी अगदी लागून सर्किट असते आणि त्याच्या एका भागात 300 व्होल्टच्या वर दाब असतो, तेथे लांब स्क्रू टेकला तर हेड जळेल आणि माणसालाही धोका होईल. शंका असेल तर स्क्रूचे पाय तसेच ठेवून त्यांच्या खाली कप्प्यात अंथरायची रबरी जाळी, किंवा जुन्या योगा मॅटचा तुकडा ठेवावा. तुकडा हेडच्या तळापेक्षा लहान कापावा, म्हणजे तळाशी हवेची छिद्रे असतील तर ती झाकली जाणार नाहीत. रेक्झिनवर अशी जाळी फार चांगली धरते. मात्र ती कार्यक्रमानंतर उचलून ठेवावी. रबर आणि रेक्झिन महिनोन्‌महिने दाबून राहिले तर डाग पडतो किंवा दोन्ही एकमेकांना चिकटतात.

प्रश्न : आमचा कोल्हापूरचा वाद्यवृंद आहे. बेसचे कॅबिनेट स्थानिक कारागिराकडून बनवून घेतले असून त्यावर राखाडी कार्पेट लावलेले आहे. रबरी जाळी ठेवून पाहिली, पण हेड जाळीसकट घसरते. असे का होते?

उत्तर : रबरी जाळीला धरायला सपाट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. कार्पेटवर ती तंतूंच्या टोकांवर तरंगत राहते आणि तंतू इकडेतिकडे लवतात, त्यामुळे तेथे तिचा उपयोग होत नाही. परंतु कार्पेटचा एक मोठा फायदा आपल्याकडे आधीच आहे : वेल्क्रोची काटेरी बाजू त्याला थेट पकडते. दुकानातून फक्त काटेरी पट्टी, तीही पाठीला गोंद असलेली आणि दोन बोटे रुंद, घ्यावी व प्रथम एक तुकडा कार्पेटवर दाबून पाहावा. दाबून बसवलेल्या तंतूंचे, न विणलेले कार्पेट असेल तर ती चांगली धरेल.

ही पट्टी हेडच्या तळाला थेट चिकटवू नये, असे मला वाटते. तळ तापतो, गोंद मऊ होतो आणि दोन तासांच्या कार्यक्रमात पट्टी हळूहळू सुटून सरकू लागते; शिवाय हेड विकायची वेळ आली तर तो चिकट थर निघता निघत नाही. त्यापेक्षा सुताराकडून 6 मिलिमीटर प्लायची, हेडच्या तळाहून बोटभर मोठी फळी कापून घ्यावी. फळीच्या खालच्या बाजूला चारही कडांनी काटेरी पट्टी लावावी, वरच्या बाजूला रबरी जाळी चिकटवावी आणि पुढच्या व मागच्या कडेला सेंटिमीटरभर उंचीची लाकडी पट्टी ठोकावी. हेड आपल्या पायांवर या फळीत बसते, तळाखालून हवा खेळती राहते आणि पकड कितीही सुटली तरी पाय त्या काठाला अडतात. पट्टी लावण्यापूर्वी फळी वॉर्निश करून पूर्ण वाळवावी, स्पिरिटने पुसावी आणि पट्टी दाबून एक दिवस तशीच ठेवावी. कोऱ्या, धुळकट लाकडावर गोंद टिकत नाही. कार्यक्रम संपल्यावर फळी आडवी ओढू नये, एका कडेने उचलत सोडवावी. वेल्क्रो आडव्या ओढीला फार चिवट असते आणि कडेने सोलून काढताना सहज निघते, आणि आपल्याला नेमका हाच गुण हवा आहे.

कॅबिनेटवर कार्पेटऐवजी दाणेदार रंग असेल, तर जाळीपेक्षा मऊ रबराचे रुंद पाय बरे, कारण खरखरीत रंग जाळी फाडतो.

प्रश्न : म्हापशाहून लिहीत आहे. एका मित्राने हेडवर वीट ठेवायला सांगितले, दुसऱ्याने कॅबिनेटच्या माथ्याला लोखंडी एल-पट्ट्या स्क्रूने बसवायला. कोणते बरे?

उत्तर : दोन्ही नको. विटेने वजन वाढते हे खरे, पण वर ठेवलेली वस्तू स्वतःच थरथरून सरकते आणि एक दिवस वीट व हेड दोन्ही खाली येतात. अनेक हेडना वरच्या किंवा बाजूच्या पत्र्यातून हवा लागते आणि ज्यांना पंखा नाही त्यांचा संपूर्ण पत्राच उष्णता बाहेर टाकत असतो. त्यावर वीट, पुस्तक किंवा दुमडलेला टॉवेल ठेवला, तर उन्हाळ्यातल्या उघड्या मैदानावर हेड तापून स्वतःला बंद करून घेते.

एल-पट्ट्यांबद्दल माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. बेसचे कॅबिनेट बंद पेटीचे असो वा भोकवाले, आतल्या हवेचा दाब हा त्याच्या आवाजाचाच भाग असतो. माथ्यातून आरपार गेलेल्या स्क्रूभोवती सुईएवढी फट राहिली, तरी खालच्या सुरांना तेथून फुसफुस ऐकू येते, आणि ती फट नेमकी कुठली हे शोधण्यात माणसाचे आठवडे जातात. त्यातून हलक्या कॅबिनेटचा प्लाय 12-15 मिलिमीटरचाच असतो. थोडा लांब स्क्रू आतल्या वायरीला किंवा स्पीकरच्या पडद्याला जाऊन भिडू शकतो. बसवायचेच असेल तर जे स्क्रू आधीपासून आहेत त्यांचाच उपयोग करावा. बाजूच्या हँडलचे किंवा कोपऱ्यावरच्या टोपणांचे स्क्रू सोडवून त्याच छिद्रातून नायलॉनच्या जाड पट्टीचा छोटा फासा बसवता येतो आणि त्यात हेड बांधायचा पट्टा ओवता येतो. एकही नवे भोक पाडावे लागत नाही.

चुंबकाची कल्पनाही अनेकांना सुचते. हेडचा पत्रा बहुधा अ‍ॅल्युमिनिअमचा असल्यामुळे ती बऱ्याचदा तेथेच संपते.

प्रश्न : मी पुण्यात महाविद्यालयात शिकतो. स्नेहसंमेलनात माझ्या गिटारच्या वायरीत कुणाचा तरी पाय अडकला आणि हेड कॅबिनेटवरून पडले. ते जमिनीवर आपटले नाही, मागच्या स्पीकरच्या वायरीला लटकत राहिले. बाहेरून फारसे काही दिसत नाही. ते तसेच चालू करू का? आणि वायर सुटली कशी नाही?

उत्तर : घाईने चालू करू नका. आपले पत्र वाचताना मला माझाच एक जुना प्रसंग आठवला. एका शाळेच्या मैदानावर गणेशोत्सवाचा कार्यक्रम होता. मध्यंतरात हार घेऊन मंचावर आलेल्या एका कार्यकर्त्याच्या चपलेत माझी वायर अडकली आणि हेड डोळ्यांदेखत कॅबिनेटच्या मागे गेले. मी ते उचलून लगेच चालू केले, एक गाणे वाजलेही, आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर आवाज गेला. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून दाखवले, तेव्हा आतला एक जड कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) सोल्डरपासून तुटून लोंबत होता. ते गाणे त्या दिवशी वाजवले नसते, तर दुरुस्ती कितीतरी स्वस्तात झाली असती. म्हणून हे कळकळीने लिहीत आहे.

वायर न सुटण्याचे कारण तिच्या टोकाला असलेला स्पीकॉन प्लग. हा प्लग न्यूट्रिक कंपनीने 1987 साली आणला. तो आत घालून फिरवला की त्याची कडी बसते आणि ती मागे ओढल्याशिवाय तो सुटत नाही. मोठ्या शक्तीच्या वायरी मध्येच निघू नयेत यासाठी ही सोय आहे आणि ती उत्तमच आहे. गिटारचा साधा जॅक मात्र नुसता दाबून बसलेला असल्यामुळे सरळ मागे ओढला तर सुटू शकतो. पण ओढ बहुधा तिरकी, खालच्या दिशेने येते, जॅक आत अडकून बसतो, आणि जॅक सुटण्याआधी हेडच निघून येते. जॅकला काटकोनात वळलेला प्लग लावला आणि त्याचे तोंड खाली ठेवले, तर वायर हेडच्या तोंडाला लागून खाली उतरते आणि तिचा टेकू कमी होतो, पण झटका तरीही हेडलाच बसतो. हँडलमधून वेढा देण्याला पर्याय नाही.

चालू करण्यापूर्वी विजेची वायर पूर्ण काढून हेड कानाशी धरून हलकेच डावी-उजवीकडे कलते करा. आत काही खुळखुळले, तर पुढे काहीच करू नका. गिटारच्या जॅकभोवतीचा नट सैल झाला आहे का, स्पीकॉनचे तोंड तिरके झाले आहे का, बटणे वाकून पत्र्याला घासतात का, ते पाहा. पंखा असेल तर त्याच्या जाळीतून पाती मोकळी दिसायला हवीत. यातले काहीही संशयास्पद वाटले तर हेड स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये काही काळ घातक दाब टिकून राहतो. सगळे ठीक असेल तर आवाज शून्यावर ठेवून चालू करा, दहा मिनिटे जळका वास येतो का ते पाहा आणि मग हळूहळू वाढवा. मध्येच खरखर झाली किंवा आवाज तुटला, तर तेथेच थांबा आणि जाणत्या कारागिराकडे न्या.

प्रश्न : नाशिकच्या आमच्या मंडळाचा मंच फळ्या आणि पिंपांवर उभा असतो. हेड नेहमी उजवीकडेच सरकते. (एका वाचक भगिनींचे पत्र.)

उत्तर : उजवीकडे उतार असावा. कॅबिनेटच्या माथ्यावर पाण्याने जवळजवळ पूर्ण भरलेली बाटली आडवी ठेवा. बुडबुडा कोणत्या बाजूला जातो ते लगेच कळेल. बुडबुडा डावीकडे गेला, तर उतार उजवीकडे आहे. मग उजवीकडे कॅबिनेटच्या तळाखाली प्लायचे तुकडे किंवा रबरी चटईचे थर देऊन माथा समतल करावा. हेडखाली पाचर देऊ नये, कारण त्यामुळे हेडचे तीनच पाय टेकतात आणि पकड आणखी कमी होते. कॅबिनेटला चाके असतील तर ती काढता येत असल्यास कार्यक्रमापुरती काढावीत. पिंपांवरचा मंच ढोलासारखा घुमतो आणि चाकांवरचे कॅबिनेटच भटकू लागले, तर वरच्या हेडसाठी केलेले सगळे उपाय वाया जातात.

प्रश्न : बेळगावहून लिहिणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे, की मोटरसायकलवर सामान बांधायच्या, दोन्ही टोकांना आकडे असलेल्या इलॅस्टिक दोरीने हेड कॅबिनेटला बांधले तर चालेल का, की बकलवाला पट्टाच घ्यावा?

उत्तर : दोरी चालेल आणि मी स्वतः दीर्घकाळ तीच वापरली आहे, पण काही पथ्ये पाळावी लागतात. दोरी हेडच्या माथ्यावरून न्यायची असल्यामुळे ती पंख्याच्या किंवा हवेच्या जाळीवरून जाता कामा नये. बहुतेक हेडची हवा बाजूने किंवा मागून जाते, तेव्हा माथ्याच्या पुढच्या तृतीयांशावरून एकच आडवी दोरी पुरते. लोखंडी आकडे उघडे असतील तर ते सुटताना डोळ्याला लागतात आणि पत्र्यावर ओरखडे काढतात; त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा. दोरी फार ताणून बांधू नये. तिचे काम हेड खाली दाबून धरण्याचे आहे आणि त्यासाठी एक-दीड किलोंचा दाब पुरेसा आहे : 2 किलोंच्या हेडवर एवढा दाब आला, की पकड दीडपट किंवा त्याहून अधिक होते. शिवाय माथा थरथरून हेडचे वजन क्षणभर नाहीसे झाले, तरी दोरीचा दाब त्या क्षणीही कायम राहतो. विटेला हे जमत नाही, कारण तीही हेडबरोबरच हवेत उठते.

बकलवाला, न ताणला जाणारा पट्टा हा मी वाहतुकीसाठी ठेवीन. वाजवताना तो थरथरीने हळूहळू सैल होतो आणि सैल झाल्याचे लक्षात येत नाही. इलॅस्टिक मात्र सैल पडलेली जागा स्वतःच ओढून घेते. दोरीचे रबर दोन पावसाळ्यांत कडक होते. दर वर्षी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी ती दोन्ही हातांनी ताणून पाहावी आणि आवरणातून पांढरे तंतू बाहेर आलेले दिसले, तर नवी घ्यावी.

आपल्या कॅबिनेटला बाजूला हँडल नसून फक्त माथ्यावर पट्ट्याचे हँडल आहे, असे आपण पुढे लिहिले आहे. तसे असेल तर दोरीला धरायला जागा नाही आणि माथ्यावरचे हँडल हेडच्या पायांखाली येऊन त्याला आणखी डळमळीत करते. अशा वेळी मी हेड कॅबिनेटवर ठेवतच नाही. मऊ रबरी पायांच्या रॅक-बॅगमध्ये (अशी उपकरणे ठेवायच्या पिशवीत) ते घालून कॅबिनेटच्या शेजारी खुर्चीवर ठेवतो, स्पीकरची वायर दोन मीटरची घेतो आणि गिटारची वायर खुर्चीच्या पायाला एक वेढा देऊन मगच हेडपर्यंत नेतो.